कागदावर नसलेल्या दोन रात्री

बपेरा हे भंडारा जिल्ह्याच्या टोकाचे गाव. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा लागतो. सीमेवरच्या गावाला पोलीस परका नसतो. गाडी अडवली की कागद दाखवायचा, मान खाली घालायची आणि 'साहेब' म्हणायचे, एवढे आमची मुले कोणी न शिकवता शिकतात.

आमचे अब्बा बैलांचा व्यापार करीत. नदीपलीकडच्या बाजारातून जोडी आणायची आणि पेरणीपूर्वी इकडच्या शेतकऱ्याला विकायची. आम्ही शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर ते एकदा परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कळले की त्यांना ठाण्यात बसवून ठेवले आहे. चाचा दोनदा जाऊन आले. "विचारपूस चालू आहे," एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बा घरी आले. बैलांची पावती खिशात तशीच होती. अम्मीने त्यांच्या पाठीला हळद लावली. मोहल्ल्यातील बुजुर्ग आले, चहा प्याले आणि म्हणाले, "जिवंत परतला, अल्लाचे शुक्र माना. आता कायले वाढवता?" आम्ही शुक्र मानले आणि वाढवले नाही.

पुष्कळ वर्षांनी आम्ही ही हकीकत एका ओळखीच्या वकिलांना सांगितली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अटक केली होती का?" आमच्याजवळ अटकेचा कागद नव्हता, सुटकेचा नव्हता, दवाखान्याची चिठ्ठीही नव्हती. वकील म्हणाले, "मग कायद्याच्या लेखी तुमचे अब्बा त्या दोन रात्री घरीच झोपले होते."

हे वाक्य आम्हाला मारापेक्षा जास्त लागले. अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये १९५० पासून लिहिलेले आहे. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी अकरा गोष्टी बंधनकारक केल्या. अटकेचा कागद जागेवरच तयार करावा, त्यावर वेळ व तारीख लिहावी, घरच्या किंवा गावातील माणसाची साक्ष घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करावी. हे सारे आमच्यासाठीच होते. पण मागायचे असते हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

ज्या वर्षाची आम्हाला शरम वाटते ते २००६. त्या वर्षी २२ सप्टेंबरला प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, आमच्याच जिल्ह्यात, शेजारच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार मारले. आधीच्या एका मारहाणीत मायलेकींनी साक्ष दिली होती. त्यातील आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी हा हल्ला झाला. वेळेवर पोलीस पोहोचले नाहीत. शवविच्छेदनातही हलगर्जी झाली. पुढे काही पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले.

त्या नोव्हेंबरात विदर्भभर मोर्चे निघाले. आमच्या ओळखीचे बौद्ध वस्तीतील एक गुरुजी आमच्याकडे आले. म्हणाले, "भाई, तुम्हीही चला." आम्ही म्हणालो, "गुरुजी, आमचेच दुखणे आम्हाला पुरे आहे." खरे म्हणजे आम्ही भ्यालो होतो. आमच्या अब्बांची पाठ आणि खैरलांजीचे प्रेत यांचा काही संबंध आहे, हे आम्हाला दिसत होते, तरी आम्ही डोळे मिटले. ठाण्यात एकाला विनाकारण बसवून ठेवतात आणि दुसऱ्याच्या हाकेला धावून जात नाहीत. दोघांच्याही वाट्याला तीच बेपर्वाई येते.

कागद असला म्हणजे न्याय मिळतो, असा आमचा भाबडा समज नाही. परभणीचा ख्वाजा युनूस आठवा. हा सत्तावीस वर्षांचा इंजिनियर घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या कागदावर नोंद झाली की पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. कोठडीत त्याला रक्ताच्या उलट्या होईपर्यंत मारल्याचे सहआरोपीने न्यायालयात सांगितले. त्याचा मृतदेह आजवर सापडला नाही. सीआयडीने चौदा पोलिसांवर ठपका ठेवला, सरकारने चौघांवरच खटला चालवण्याची परवानगी दिली. पहिली साक्ष व्हायला २०१८ उजाडले. त्या चौघांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले. तेथे कागद होता, पण लिहिणारा हात एकाच बाजूचा होता. म्हणूनच अटकेच्या कागदावर आपली साक्ष हवी, आपल्या हातात त्याची प्रत हवी.

प्रकाशसिंह निकालानंतर महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करायला २०१४ उजाडले. आता राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण मुंबईत आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचे आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपण्याचे आदेश दिले. दारे आहेत. ती ठोठवायला आपल्यातून कोण जातो?

गेल्या वर्षी बाजारातील भांडणावरून आमच्या भाच्याला ठाण्यात नेले. मोहल्ल्यातून तोच जुना सल्ला आला, "सकाळपर्यंत थांबा." आम्ही थांबलो नाही. वाटेत गुरुजींच्या घरी गेलो. ते आता निवृत्त आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनी काही न विचारता चपला घातल्या. २००६ चा विषय ना त्यांनी काढला ना आम्ही.

ठाण्यात आम्ही अटकेचा कागद मागितला. जमादार म्हणाले, "फार शिकलेले दिसता." गुरुजी शांतपणे बाकावर बसून राहिले. तासाभराने कागद झाला. त्यावर त्यांनी सही केली आणि आम्हीही केली. भाचा दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यापुढे गेला व जामिनावर सुटला. त्याचा गुन्हा असेल तर न्यायालय ठरवील. त्याच्या पाठीला मात्र हळद लावावी लागली नाही.

घरी आल्यावर तो कागद आम्ही अब्बांना दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवून विचारले, "येथे काय लिहिले आहे?" आम्ही सांगितले, "वेळ. रात्रीचे नऊ चाळीस."

अब्बा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वेळसुद्धा लिहितात?"