डागडुजी

प्रोग्रामर म्हणजे रोज काहीतरी नवं घडवणारा माणूस, असा बाहेर समज असतो. माझ्या नोकरीचा बराचसा काळ दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचण्यात गेला. लिहिणारा कधीच निवृत्त झालेला, त्याची टिपणं हरवलेली, आणि प्रोग्राम मात्र दर रात्री बिनबोभाट चालतोय. तो बंद न पाडता दुरुस्त करायचा, हे माझं काम. या कामाला आमच्या धंद्यात मान कमी आहे. मला मात्र धंद्याचं खरं कसब तिथेच दिसतं.

१९९८ साली न्यू जर्सीत आलो ते वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना येणाऱ्या तारखांच्या गोंधळाच्या, कामासाठी. त्याच वर्षी अमेरिकेने एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली होती. पुण्या-मुंबईची किती तरी मुलंमुली तेव्हा एडिसन आणि जर्सी सिटीत आली, चौघांत एक अपार्टमेंट घेऊन राहिली आणि कोबोल वाचू लागली. कोबोल ही १९५९-६० मध्ये आकाराला आलेली भाषा. पंचकार्डावर जागा ८० रकान्यांची, मेमरी महाग, म्हणून वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायची पद्धत पडली. त्या काळच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. आपला प्रोग्राम चाळीस वर्षं टिकेल, असं लिहिणाऱ्यांच्या मनातही नव्हतं.

हे दोन आकडे काय करत, ते एका उदाहरणात सांगतो. विम्याच्या प्रोग्रामात वय काढायचं, तर चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करायचं. १९९९ मध्ये ९९ वजा ६५ म्हणजे ३४. बरोबर. २००० मध्ये ०० वजा ६५ म्हणजे उणे ६५. पण उत्तराच्या रकान्यात उणे चिन्हाला जागाच ठेवलेली नसे, त्यामुळे चिन्ह गळून पडे आणि उरत ६५. पस्तिशीतला माणूस कागदावर एका रात्रीत निवृत्तीच्या वयाचा! आकड्यांच्या रकान्यात चुकून अक्षर आलं, तर मेनफ्रेमवर जॉब ‘सॉक सेव्हन’ नावाची त्रुटी दाखवून कोसळतो. मध्यरात्री फोन येतो, माणूस उठून दुरुस्ती करतो. वयाच्या या चुकीत मात्र काहीच कोसळत नाही. ६५ हे वय दिसायला अगदी साळसूद. अशी चूक शोधायला ओळ न् ओळ वाचावी लागते.

दुरुस्ती दोन प्रकारची होती. साऱ्या फायली बदलून चार आकडी वर्ष करायचं, हा पक्का उपाय. खर्चिक आणि वेळखाऊ. दुसरा उपाय खिडकीचा. एक रेषा आखायची, समजा ५० वर. त्याखालचं वर्ष दोन हजारातलं, वरचं एकोणीसशेतलं. वेळ कमी होता, म्हणून खिडकी पुष्कळ ठिकाणी बसवली गेली. काहींनी ही रेषा २० वर आखली आणि तोच प्रश्न २०२० साली त्यांच्या दारात पुन्हा उभा राहिला.

१ जानेवारी २००० शांतपणे उजाडला, आणि लगेच लोक म्हणू लागले की सगळा बागुलबुवाच होता. हे ऐकलं की मला आजही वाईट वाटतं. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारून घेतलं आणि आत थेंब आला नाही, तर ‘उगाच शाकारलं’ असं कोणी म्हणत नाही. जिथे डागडुजी राहते, तिथे काय होतं तेही आपण पाहिलंय. १ जानेवारी २०२० ला न्यूयॉर्कच्या पार्किंग मीटरनी कार्डं घेणं बंद केलं. पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती अंतिम तारीख घातलेली होती आणि ती पुढे न्यायची राहून गेली होती. मग कर्मचाऱ्यांना मीटरमीटरपाशी जाऊन दुरुस्ती करावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली. करोनामुळे बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता आणि राज्याची यंत्रणा कित्येक दशकांपूर्वीची होती. दोष कोबोलला दिला गेला. मला तो पटला नाही. इतकी वर्षं चाललेल्या भाषेचा दोष नसतो. ती जाणणारी माणसं सांभाळली नाहीत, तो दोष.

आता डागडुजीचा हाच प्रश्न घराघरांत शिरला आहे. थर्मोस्टॅट, दाराची बेल, धुलाईयंत्र, सगळ्यांत सॉफ्टवेअर आहे. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाचं, सुमारे ३०० डॉलरचं घरगुती उपकरण कंपनीने सर्व्हर बंद करताच निकामी झालं. यंत्रात काहीही बिघडलं नव्हतं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १८४ स्मार्ट वस्तू तपासल्या. त्यांतल्या जवळपास ८९ टक्के वस्तूंच्या संकेतस्थळावर अपडेट किती वर्षं मिळतील याचा उल्लेखच नव्हता. शिवाय पुढची तारीख ठरलेली आहे. अनेक जुनी उपकरणं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ती मोजणी न्यू जर्सीत १८ जानेवारी २०३८ च्या रात्री १० वाजून १४ मिनिटांनी संपेल. तेव्हा पुण्यात १९ तारखेची सकाळ असेल. मोठे संगणक बहुतेक ६४ बिटांवर गेले आहेत. भिंतीत बसवलेल्या डब्यांकडे कोण बघणार?

कायदा हळूहळू जागा होतोय. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून १०० डॉलर किंवा त्याहून जास्त घाऊक किमतीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती, उत्पादन थांबल्यावरही सात वर्षं पुरवावी लागते. पण कायद्याच्या आधी गिऱ्हाईक जागं हवं.

म्हणून वस्तू घेताना किमतीसोबत दोन गोष्टी विचारा: अपडेट किती वर्षं मिळणार, आणि कंपनीचा सर्व्हर बंद झाला तर ही चालेल का? लेखी उत्तर मिळालं नाही, तर ती वस्तू दुकानातच राहू द्या. आणि या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांना एवढंच सांगणं: तुमचा कोड तुमच्या अंदाजापेक्षा जास्त जगेल. तो दुरुस्त करणाऱ्याला तुम्ही कधी भेटणार नाही. त्याला समजेल असं लिहा.