डोळ्यांखालच्या काळेपणामागे लागून

ज्या मलमाने माझ्या डोळ्यांभोवतीची त्वचा बिघडली, ते मला कुठल्याही डॉक्टरने लिहून दिलेलं नव्हतं. औषधाच्या दुकानात जाऊन "डोळ्यांखाली काळं झालंय, काहीतरी चांगलं द्या" असं मीच म्हटलं होतं. दुकानदाराने मागच्या फळीवरून एक छोटी ट्यूब काढून दिली. रात्री लावा, आठवड्यात फरक पडेल, म्हणाला. आठवड्यात फरक पडला, आणि पुढचं सगळं त्या फरकावर विश्वास ठेवल्यामुळे झालं.

काळेपणा आला कुठून, हे मात्र मी कधी विचारलंच नाही. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली यंत्रमाग, वर आम्ही. टेरी टॉवेलचं काम. लग्न होऊन आले तेव्हापासून तपासणी आणि घडीचं काम माझ्याकडे आहे. टॉवेलच्या कडा कातरताना, गठ्ठे झटकताना कापसाचे बारीक तंतू उडतात आणि भुवयांवर, पापण्यांच्या केसांत जाऊन बसतात. डोळे खाजतात. मग चोळायचे: कधी बोटांच्या पेरांनी, कधी मनगटाने, कधी पदराने. थंडीत तर शिंका आणि खाज दोन्ही. आमच्याकडे सगळ्यांचंच असं होतं, म्हणून ते मला दुखणं वाटलं नाही.

त्यात रात्रीचं काजळ काढणं. खोबरेल तेलाचं बोट पापणीवर फिरवायचं, मग टॉवेलचं ओलं टोक तर्जनीला गुंडाळून पापणीच्या कडेने आतून बाहेर, बाहेरून आत घासायचं. पांढऱ्या टोकावर काळा पट्टा उतरायचा. पट्टा फिका होईपर्यंत टोक बदलून पुन्हा तेच. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही, हे मी अभिमानाने सांगते. पण सुताचे उभे वेढे असलेलं ते कापड पापणीवर घासायचं नव्हे. मी वर्षानुवर्षं घासलं, आणि त्याला स्वच्छता समजत होते.

पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ. जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. खाली चरबीचा थर जवळजवळ नाही, थेट डोळे मिटणारा स्नायू लागतो. तेलग्रंथी कमी, म्हणून ती लवकर कोरडी पडते. अशी त्वचा रोज घासली की आत बारीक सूज राहते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या वर्णात सूज ओसरताना मागे रंग ठेवून जाते. तो रंग त्वचेच्या खालच्या थरात उतरला की वरून लावलेलं काही तिथवर सहज पोचत नाही. हे सगळं मला फार उशिरा कळलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात "बरं नाही का गं? डोळे असे का दिसतायत?" हे एकीने विचारलं की तो दिवस खराब जायचा. विचारणाऱ्या मायेनेच विचारत. घरी आले की आरसा. लिंबू आणि बेसन झालं, बटाट्याचा रस झाला, बदामाचं तेल झालं. लिंबाने आग झाली तेव्हा "काम करतंय" असं मी स्वतःला समजावलं. जळजळ हा त्वचेचा नकार असतो, हे इतकं साधं असूनही मला तेव्हा उमगलं नाही.

मग ती ट्यूब आली. तिच्यात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली आणि खाज बसते, रंगही उजळल्यासारखा दिसतो. म्हणून सुरुवातीला चेहरा खरंच टवटवीत वाटतो. खाज थांबली याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला होता. लावणं थांबवलं की दोन दिवसांत पापण्या लाल, चुरचुरीत. पुन्हा लावलं की शांत. ही त्या औषधाची लागलेली सवय होती. मी मात्र त्यातून असा अर्थ काढला की मलम चांगलं आहे, सोडता कामा नये.

कोणत्या जागी औषध किती मुरतं, यावर फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी 1967 मध्ये मोजमाप केलं होतं. हाताच्या पुढच्या भागातून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड जेवढं शोषलं जातं, त्याच्या साधारण सहापट कपाळातून शोषलं जातं. पापणी तर कपाळापेक्षा कितीतरी पातळ. कोपरावरच्या चट्ट्याला योग्य असलेलं मलम मी तिथे रोज रात्री चोपडत होते.

माझी सगळ्यात मोठी चूक पुढची आहे, आणि ती लिहिताना मला आजही जड जातं. माझी पुतणी तेव्हा कॉलेजात होती. डोळ्यांखाली थोडं काळं आहे म्हणून ती सारखी फोनमधले फोटो पुसून टाकायची. मी तिला माझी ट्यूब दिली. "काकू वापरते, काही होत नाही" असं म्हणून दिली. तिने तर ती गालांवरही लावली. तिची कातडी कोवळी, माझ्याहून लवकर बिघडली. डोळ्यांच्या कोपऱ्यांजवळ बारीक पुटकुळ्या आल्या, पापणीवर लाल शिरांची जाळी दिसू लागली, उन्हात गेली की चेहरा पेटायचा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून कितीतरी वर जातो. तोंडाला स्कार्फ गुंडाळून ती स्कूटीवर जायची, आणि उघडी राहायची ती नेमकी डोळ्यांभोवतीची पट्टी. जाऊबाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी तिला घेऊन डॉक्टर गाठले आणि जाताना "तुम्हीही चला" म्हणाल्या.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी ट्यूब मागितली. मग माझी खालची पापणी बोटाने हळूच ताणली आणि छोट्या टॉर्चचा उजेड समोरून पाडला. पोकळीची नुसती सावली असती तर समोरच्या उजेडात ती गेली असती, म्हणाल्या. माझ्याकडे काही सावली होती, काही खाली दिसणाऱ्या निळसर रक्तवाहिन्या, आणि बराचसा रंग चोळण्याने साठलेला. तीन कारणं, आणि मी सगळ्यांवर एकच ट्यूब लावत होते. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, तर हिमोग्लोबिनही कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यातली एक मीही असेन, हे आरशात बघताना कधी मनात आलं नव्हतं.

मग त्यांनी आम्हा दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोळ्यांजवळ लावलेलं स्टिरॉइड दीर्घकाळ चाललं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, त्यातून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा असावा लागतो. पुतणीचा ठीक निघाला. माझा वर होता. मलम थांबल्यावर तो हळूहळू खाली आला, पण तपासणी अजून चालू आहे. दुखत काहीच नव्हतं. त्या दिवशी गेले नसते तर मला कधी कळलंही नसतं.

मलम सोडल्यावरचे आठवडे वाईट गेले. पापण्या सुजून लाल झाल्या, आणि पुन्हा एकदाच लावावं असं दर रात्री वाटायचं. थंड पाण्याची स्वच्छ मऊ घडी, साधी पेट्रोलियम जेली, डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड नसलेलं मलम आणि ॲलर्जीचे थेंब, एवढ्यावर निभावलं. काजळ आता कापसाचा बोळा तेलात भिजवून पापणीवर क्षणभर ठेवते आणि न घासता टिपून घेते. काम करताना साधा चष्मा लावते, तंतू डोळ्यात जात नाहीत. उन्हात जाताना गॉगल, आणि न झोंबणारं झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. काळेपणा पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही. खाज मात्र नाही.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मला माझी ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळाली, कारण मी मागितली आणि समोरच्याने दिली. दोष दोघांचा आहे, पण चेहरा माझा होता. उजळपणाच्या मागे लागून याहून वाईटही होतं. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाली होती, आणि त्यांचं निदान मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालं. तेही क्रीम कुठल्या डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं, ब्युटिशियनकडून आणलेलं होतं.

माझ्यासारख्या बायका आपल्या पेठापेठांत आहेत, आणि त्या डॉक्टरकडे जात नाहीत, कारण डोळ्यांखालचं काळं हा काही आजार नाही असं त्यांना वाटतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कपाटात अर्धी वापरलेली ट्यूब असेल तर आज ती उजेडात धरा आणि बारीक अक्षरं वाचा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ते तुम्ही डोळ्यांजवळ लावत असाल, तर ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. खर्चाची अडचण असेल तर आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा. महिनोन्महिने लावली असेल तर डोळ्यांचा दाब मोजून घ्या, त्याला काही मिनिटंच लागतात. आणि तुम्हाला कितीही गुण आला असला, तरी ती ट्यूब घरातल्या दुसऱ्या मुलीच्या हातात देऊ नका.