हरिहरेश्वरी जोडलेला पंख

माणगाव स्थानकावर उतरून म्हसळ्यामार्गे हरिहरेश्वराकडे निघाले की रस्ता वळणे घेत घेत समुद्राच्या दिशेने उतरू लागतो. अंतर साठेक किलोमीटरच; पण बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर अडीच तास हाताशी ठेवावेत आणि वाटेत दोनदा तरी गाडी थांबवून त्यांना पाय मोकळे करू द्यावेत. गाडीतून उतरवताना घाई करू नये. बराच वेळ बसून एकदम उभे राहिल्यावर रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी म्हणत असते, "चला, चला, समुद्र दिसतोय!"

हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या कुशीत वसलेले हे गाव 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. श्रीहरिहरेश्वर, काळभैरव आणि योगेश्वरी यांच्या मंदिरांपुढेच समुद्र आहे. जवळच सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर बाणकोटचा किल्ला दिसतो. येथील प्रदक्षिणामार्ग प्रसिद्ध आहे. दोन कड्यांमधील अरुंद खाचेतून पायऱ्या थेट लाटांपाशी उतरतात, आणि खाली वारा व खारे पाणी यांनी शतकानुशतके कोरलेला जाळीदार कातळ पसरलेला आहे. ही वाट ओहोटीचीच. भरतीच्या वेळी तेथे तरुणांनीही जाऊ नये. आणि गुडघे, तोल किंवा दृष्टी यांपैकी एकाची जरी तक्रार असेल, तर पायऱ्यांच्या माथ्यावरून दर्शन घेऊन मागे फिरावे. देव रागावत नाही. शेवाळलेला कातळ मात्र कोणाची गय करीत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही माझ्या मामांना घेऊन तेथे गेलो होतो. मामा ७८ वर्षांचे. नऊ वर्षांपासून त्यांना कंपवात आहे. मामी गेल्यापासून घराबाहेर पडणे जवळजवळ बंद झाले होते, बोलणेही मोजके. या वेळी मात्र निघताना त्यांनी एकच अट घातली : विमान बरोबर येईल.

हे विमान म्हणजे सव्वा मीटर पंखांचे एक लाकडी ग्लायडर. त्याला इंजिन नाही, रिमोटही नाही. लांब दोरीने पतंगासारखे वर चढवायचे, दोरी सुटली की ते आपल्या पंखांवर तरंगत खाली येते. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १९५० मध्ये मुंबई आणि कोलकाता येथे सुरू झाली. पुढे चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली. मामा त्या पिढीतले. कवायतीचा त्यांना कंटाळा. पण विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचा नाद तेथेच लागला, तो संसार आणि कारखान्यातली नोकरी सांभाळूनही सुटला नाही. हे ग्लायडर त्यांनी आजार होण्यापूर्वी शेवटचे बनवलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर आम्ही ते जुळवून वाळूत ठेवले असताना वाऱ्याचा एक झोत आला. ग्लायडर उलटे होऊन कातळावर आपटले. डावा पंख मुळापासून वीतभर अंतरावर मोडला. आतली मुख्य दांडी आणि पुढची कड दोन्ही तुटल्या, तीन फासळ्यांचा चुरा झाला. मामा काही बोलले नाहीत. मांडीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात मात्र जोराने थरथरू लागला.

थोड्या अंतरावर पुण्याहून आलेले तिघेजण आपली विमाने उडवीत होते : बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक शाळामास्तर आणि अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी. हाक न मारता ते आले. एकमेकांची ओळख होण्याआधी तिघेही गुडघ्यांवर बसून वाळूतले लाकडाचे तुकडे वेचू लागले. "चुरासुद्धा टाकू नका," मास्तर म्हणाले, "मोडलेल्या टोकांचे तंतू एकमेकांत बसवून पाहिले की पंखाची मूळ लांबी कळते. टोके आधीच कापून सरळ केली तर ती हातची जाते." मी हाडे बसवणारा शल्यविशारद नव्हे, पण मोडलेले हाड आधी मूळ रेषेत आणायचे, मग स्थिर ठेवायचे आणि नंतर त्याला वेळ द्यायचा, हा क्रम प्रत्येक डॉक्टरला शिकवलेला असतो. तोच क्रम वाळूत ऐकू आला.

विद्यार्थ्याने हात पुढे केला. "काका, माझ्याकडे द्या. अर्ध्या तासात करून देतो."

बँकवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पंख त्यांचा आहे. तू फक्त धर."

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी या वाक्यापाशी थोडे थांबावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या दवाखान्यात येणारी बहुतेक कुटुंबे प्रेमापोटी उलटे करतात. शर्टाची बटणे लावायला वडिलांना पाच मिनिटे लागतात, म्हणून मुलगा ती लावतो. आईच्या हातून भाजी जाड चिरली जाते, म्हणून विळी उचलून ठेवली जाते. एकेक काम हातातून निघून जाते, आणि वर्षभराने तेच कुटुंब विचारते, "डॉक्टर, हे हल्ली कशातच लक्ष का घालीत नाहीत?"

मामांच्या सूनबाईची भीती मात्र खरी होती, आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. मामांना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. अशा माणसाच्या बोटाला ब्लेड लागले तर रक्त थांबायला वेळ लागतो. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे घट्ट दाबून धरावे लागते, मध्येच उचलून पाहायचे नाही. त्यात हात कापणारा. "मामंजींच्या हातात ब्लेड द्यायचे, हे तुम्ही डॉक्टर असून कसे म्हणता?" तिने मला बाजूला घेऊन विचारले.

याचे उत्तर कंपाच्या प्रकारात आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये ज्या आजाराचे वर्णन लिहिले, त्यातला कंप बहुधा विश्रांतीचा असतो. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो, आणि एखादी वस्तू उचलायला पुढे झाला की ती थरथर कमी होते. याउलट कित्येक वृद्धांमध्ये आढळणारा दुसरा एक कंप नेमका काम करतानाच वाढतो. कप ओठांपाशी नेताना चहा सांडतो तो हा. दोन्हींना घरात 'हात कापतात' असेच म्हणतात, परंतु त्यांची औषधे वेगळी आणि मर्यादाही वेगळ्या. मामांच्या बाबतीत खरी अडचण थरथरीपेक्षा मंद हालचालींची आणि ताठरपणाची होती. गोळीचा अंमल सुरू झाला की दोन-अडीच तास त्यांचे हात बरेच मोकळे असत. म्हणून काम त्याच वेळात करायचे ठरले : सकाळची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी, आणि नऊला बैठक. प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर घेतली तर ही गोळी कित्येकांना नीट लागू पडत नाही. आपल्या रुग्णाच्या वेळा मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.

ब्लेडचा प्रश्न मामांनी स्वतःच सोडवला. कापायचे काम त्यांनी विद्यार्थ्याला दिले, आणि स्वतः लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर चिकटवून घेतला. जोडाचा उतार कापून न करता घासून करायचा. वेळ अधिक लागतो. वेळ भरपूर होता.

आमचे घरमालक पोफळीच्या बागेचे धनी. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनाऱ्यावर येऊन आदळले, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. यांच्याही बागेत तेव्हा एक जुना फणस पडला होता. त्याची रंधलेली सपाट फळी त्यांनी पडवीत आणून ठेवली. पंख जोडायला सपाट तळ लागतो. तो नसेल तर गोंद वाळेपर्यंत पंखाला पीळ बसतो, आणि पिळलेला पंख विमानाला एका अंगाला ओढतो. त्याच दिवशी बागमांडल्याकडचे एक सुतार, होड्यांची दुरुस्ती करणारे, काही कामासाठी आले होते. ते बराच वेळ मागे उभे राहून पाहत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "आजोबा, जोड आखूड होतोय. आम्ही होडीच्या फळीला जाडीच्या आठपट-दहापट तिरका जोड घेतो. आखूड जोड लाटेला उघडतो."

मामांनी वर पाहिले. "का उघडतो, सांगा बरं."

"आडव्या कापलेल्या टोकाला गोंद धरत नाही. लांब उतार दिला की लाकूड लाकडाला अंगभर भेटतं."

मग दोघांमध्ये जे संभाषण सुरू झाले, ते मी मध्येच सोडून चहा सांगायला गेलो आणि परतलो तरी चालूच होते. मामा सलग इतके बोललेले मी दोन वर्षांत ऐकले नव्हते. पंखाचे लाकूड बाल्सा; दक्षिण अमेरिकेतून येणारे, बुचासारखे हलके. त्याचा तुकडा हरिहरेश्वरात कोठून मिळणार? मास्तरांच्या पेटीत थोडासा निघाला. दांडीच्या दोन्ही बाजूंना आधार म्हणून सुतारांनी बांबूच्या पातळ कामट्या काढून दिल्या. हाडाला बांधतात तशाच, मी म्हणालो. "हाडाच्या नंतर काढतात," मामा म्हणाले, "या राहतात."

गोंदाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण घरोघरी वृद्ध मंडळी चष्म्याच्या काडीपासून देवघराच्या दारापर्यंत काही ना काही चिकटवत असतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाऐवजी आम्ही लाकडाचा पांढरा गोंद घेतला. त्याला रात्रभर लागते, पण चुकल्यास सरकवता येते आणि त्याच्या वाफा झोंबत नाहीत. झटपट गोंदाने बोटे चिकटली तर ओढून सोडवू नयेत, कातडी सोलते. कोमट साबणाच्या पाण्यात हलकेच चोळत सोडवावीत. तो सुती कापडावर सांडला तर कापड तापून भाजू शकते. डोळ्यात गेला तर पापण्या उघडण्याची खटपट न करता लगेच डॉक्टरांकडे जावे. आणखी एक गोष्ट, जी घरच्यांना सहसा ठाऊक नसते : कंपवातात वासाची जाणीव बरेचदा मंदावते, कधी कधी तर कंप दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी. अशा माणसाला गोंदाची वाफ कळत नाही, आणि स्वयंपाकघरात गळणारा गॅसही कळत नाही. खिडकी उघडी आहे ना, हे दुसऱ्याने पाहावे.

मोडणे-जोडणे हे या नादाचे अंगच आहे. अमेरिकेत किटी हॉकजवळच्या वाळूत राइट बंधूंचे विमान १४ डिसेंबर १९०३ च्या प्रयत्नात मोडले. दुरुस्तीनंतर, १७ तारखेला, ते प्रथम १२ सेकंद उडाले. विमान टेकडीवर नेण्यापासून छायाचित्राची कळ दाबण्यापर्यंत त्यांना हात दिला तो शेजारच्या सागरी जीवरक्षक ठाण्यातल्या माणसांनी. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर वाऱ्याने विमान उलटेपालटे केले. हे सारे बँकवाल्यांनी पडवीत सांगितले, आणि मामांनी दोन ठिकाणी त्यांची दुरुस्ती केली.

मला त्या पडवीत पुण्याच्या 'पार्किन्सन्स मित्रमंडळा'ची आठवण होत होती. तेथे रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारे एकत्र जमतात. ऋषिकेश पवार यांच्या नृत्यवर्गात तर कंपवाताचे रुग्ण नाचायला शिकले आहेत. गोळी हात मोकळा करते. त्या मोकळ्या हाताने काय करायचे, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवरची वजने काढली. मामांनी एक डोळा मिटून पंख कडेने न्याहाळला, पीळ नव्हता. फाटलेल्या जागी पातळ आवरण बसवून सूनबाईने अगदी मंद इस्त्री फिरवली, तसे ते आवळून ताणले गेले. ब्लेडला विरोध करणारी तीच, आता इस्त्री कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. जोडाने डावी बाजू किंचित जड झाली होती, म्हणून उजव्या पंखाच्या टोकाला एक रुपयाचे नाणे चिकटपट्टीने लावण्यात आले.

किनाऱ्यावर वारा फार होता. पुण्याच्या मंडळींनी आपलीही विमाने पेटीबाहेर काढली नाहीत. "आज नको, काका," मास्तर म्हणाले. मामांनी वाद घातला नाही. त्यांनी ग्लायडर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून वाऱ्याला सामोरे केले. सूनबाईने मागून त्यांच्या कमरेला आधार दिला होता. पंखाखाली वारा भरला आणि विमान त्यांच्या हातातून वर उठू पाहू लागले. हात थरथरत असावेत. विमान स्वतःच इतके थरथरत होते की काही कळत नव्हते.

"उजवी बाजू खाली जातेय," ते वाऱ्यातून ओरडले. "रुपया जास्त होतोय. आठ आणे लावा."

आठ आण्याचे नाणे कोणाच्याच खिशात निघाले नाही. विद्यार्थी ते शोधायला देवळाजवळच्या दुकानांकडे धावला. सूनबाईने घड्याळ पाहिले. साडेबाराच्या गोळीला अजून वीस मिनिटे होती.