पिढीजात रंग

कोलकात्यात फुटबॉलच्या समर्थकाला क्लबचा रंग सहसा निवडावा लागत नाही, तो घरातूनच मिळतो. हिरवा-मरून म्हणजे मोहन बागान, लाल-सोनेरी म्हणजे ईस्ट बेंगॉल, काळा-पांढरा म्हणजे मोहमेडन स्पोर्टिंग. आडनाव आणि कुलदैवत जसे जन्माबरोबर येते, तसाच हा रंग येतो. या शहराच्या फुटबॉलचे प्रदर्शन मांडायचे ठरले की पहिली नजर चषकांच्या कपाटाकडे जाते. चषकांतून क्लबचा इतिहास कळतो. शहराचा इतिहास कळायला मात्र हा रंग माणसाच्या आयुष्यातून कसा वाहत जातो ते पाहावे लागते. त्याच्या खुणा ज्या वस्तूंत राहतात त्या फार नाशवंत आहेत: तिकिटाचा अर्धा तुकडा, पुठ्ठ्याची नळी, रेडिओवरचा आवाज, ताटातला मासा.

समर्थकाच्या जन्माआधीच त्याचा रंग ठरवणाऱ्या घटनांत पहिली २९ जुलै १९११ ची. त्या दिवशी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले. कर्णधार शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते; रेव्हरंड सुधीर चॅटर्जी तेवढे बूट घालून खेळले. गर्दी इतकी होती की मागच्यांना खेळ दिसणे शक्यच नव्हते. त्यांना गोल कळावेत म्हणून पतंग उडवले गेले. शील्ड जपली जाते, सामन्याचा पतंग कोणी जपत नाही. पण त्या दुपारी हजारो माणसांनी सामना पाहिला तो आकाशातल्या कागदावरच. प्रदर्शनात या पतंगाला शील्डच्या शेजारी जागा मिळायला हवी.

ईस्ट बेंगॉलचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान क्लबने शैलेश बसू या पूर्व बंगालच्या खेळाडूला वगळले, तेव्हा सुरेशचंद्र चौधरी यांनी तो क्लब सोडला आणि पूर्वेकडच्या माणसांसाठी नवा संघ उभारला. फाळणीनंतर या नावाला वेगळेच वजन आले. जमीन, तळे, शाळा, नदीचा घाट मागे टाकून आलेली कुटुंबे जादवपूर, विजयगड अशा वसाहतींत राहू लागली. ज्या प्रदेशाचे नाव नकाशावरून गेले, ते मैदानावर एका क्लबच्या नावात उरले होते. निर्वासिताच्या मुलाला ढाका किंवा बरिशाल आठवत नव्हते, पण लाल-सोनेरी झेंडा हातात आला की वडिलांचे गाव आपलेच वाटे. तरीही रंगांची ही सीमारेषा खेळाडूंहून तरुण आहे, हे विसरता कामा नये: १९११ च्या त्या अनवाणी संघातले बरेच जण मूळचे पूर्व बंगालचेच होते.

मोहमेडन स्पोर्टिंगची गोष्ट बहुतेक वेळा या दोघांच्या सावलीत जाते, आणि हा अन्याय आहे. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने १९३४ साली कलकत्ता लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे लीग त्यांच्याकडेच राहिली. बंगालमधल्या मुस्लिम घरांत हा अभिमान खोलवर रुजला. त्यांचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडून पायांना पट्ट्या बांधून खेळला. फाळणीने या क्लबचे कितीतरी समर्थक सीमेपलीकडे नेले. पूर्वेकडून आलेल्यांची घरे लाल-सोनेरी झाली, त्याच काळात काळ्या-पांढऱ्या घरांना कुलुपे लागली. या दोन्ही हालचाली एकाच भिंतीवर समोरासमोर मांडल्याशिवाय शहराचे चित्र पुरे होत नाही.

जुन्या पिढीच्या मुलाला हा रंग आधी कानांनी कळला. वर्तमानपत्रातली छायाचित्रे काळी-पांढरी होती आणि मैदानावर जायचे वय झालेले नव्हते. आकाशवाणीवर अजय बसू, कमल भट्टाचार्य, पुष्पेन सरकार यांचे बंगाली धावते वर्णन लागले की घर गप्प होई. थोडे मोठे झाल्यावर मैदान आले. कोलकात्याचे मैदान लष्कराच्या ताब्यातली जागा, त्यामुळे क्लबच्या गॅलऱ्यांना मर्यादा होत्या. बाहेर राहिलेले उंचवट्यावर उभे राहत आणि पुठ्ठ्याच्या नळीत वर-खाली तिरपे आरसे बसवून डोक्यांवरून खेळ बघत. बंगाली नववर्षाच्या सकाळी गोलपोस्टची ‘बारपूजा’ होते. या पूजेला खेळाडू, पदाधिकारी आणि समर्थक एकाच गवतावर उभे असतात. मैदानावरचा भाविकपणा समजायला याहून चांगला प्रसंग नाही.

तारुण्यात रंग तापतो. सत्तरच्या दशकात ईस्ट बेंगॉलने १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग जिंकली आणि १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० असे हरवले. तो आकडा दोन्ही घरांत आजही उच्चारला जातो, एका घरात मोठ्याने आणि दुसऱ्यात ओठ आवळून. मग १६ ऑगस्ट १९८० आला. ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात खेळाडूंमधली चकमक गॅलरीत पसरली, हाणामारी आणि चेंगराचेंगरी झाली आणि १६ समर्थक मरण पावले. सामना पाहायला निघालेली ती माणसे संध्याकाळी घरी परतलीच नाहीत. त्या दिवशी दरवर्षी रक्तदान होते. एखाद्या प्रदर्शनाने या घटनेला कोपऱ्यातल्या पाटीवर उरकले, तर बाकीचे सगळे झेंडे खोटे ठरतात.

नोकरीसाठी शहर सोडलेल्याचा रंगही सोबत जातो. मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स चषक होत असे आणि कोलकात्याचे क्लब तिथे नेहमी येत. ईस्ट बेंगॉलने तो १९४९ मध्ये जिंकला, मोहन बागानने १९५५ मध्ये, मोहमेडनने १९५६ मध्ये. महाराष्ट्रात अशा निष्ठेचे जवळचे उदाहरण कोल्हापूरचे. तिथे फुटबॉलचा संघ पेठेशी आणि तालमीशी बांधलेला असतो. कोलकात्यात ही गाठ मागे राहिलेल्या मुलखाशी आहे, म्हणून ती अधिक दुखरी आहे.

मोहन बागान-ईस्ट बेंगॉल सामन्याची, म्हणजे डर्बीची, तिकिटे १९८४ पासून सॉल्ट लेकच्या भव्य स्टेडियमची झाली. १३ जुलै १९९७ ला फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला तिथे १ लाख ३१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. बायचुंग भूतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बेंगॉलने ४-१ असा विजय मिळवला. पुढच्या काळात समर्थकाला वेगळी लढाई लढावी लागली. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावाआधी एटीके या दुसऱ्या क्लबची अक्षरे आली आणि ती काढून टाकण्यासाठी समर्थकांनी सतत आवाज उठवला. २०२३ मध्ये ती गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर उतरले असताना ड्युरंड चषकाची डर्बी रद्द झाली. तेव्हा तिन्ही क्लबचे समर्थक स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि एकमेकांच्या झेंड्यांसह त्यांनी न्याय मागितला. शंभर वर्षांचे वैर त्या संध्याकाळी एका बाजूला उभे होते.

या सगळ्यात बाईची जागा बराच काळ स्वयंपाकघरात मानली गेली. पश्चिम बंगालच्या ‘घोटी’ घरात विजयानंतर कोळंबी, पूर्वेकडच्या ‘बांगाल’ घरात हिल्सा, आणि दोन्हीकडे रांधणारी तीच. घोटी-बांगाल लग्न झाले की सासर-माहेरच्या रंगांमधला ताणही तिनेच सांभाळला. तिच्या निष्ठेची नोंद ना तिकिटात आहे, ना सभासदपत्रात. म्हणून हिल्साचे कालवण आणि कोळंबीची मलई करी यांच्या घरगुती पाककृती, लिहिणारीच्या नावासह, अशा संग्रहात यायला हव्यात. आज त्या घरांतल्या मुली गॅलरीत आहेत आणि मैदानावरही. २०२४-२५ च्या हंगामात इंडियन विमेन्स लीगचे विजेतेपद ईस्ट बेंगॉलच्या महिला संघाने मिळवले.