पट्टी नाही, तर काय?

गरोदर बाईने निकोटिनची पट्टी लावावी का, हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. पट्टी नाही तर काय, हेही त्याच दमात विचारायला हवं. जिची सिगारेट नुसत्या समुपदेशनाने सुटते, तिला पट्टीची गरजच नाही. जिची सुटत नाही, तिच्या बाळापर्यंत निकोटिन पोचतंच आहे आणि शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइडही, जो रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. पट्टीत निदान धूर नाही. तिच्याविरुद्ध बोट दाखवलं जातं ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या चाचणीकडे. १,०५० गरोदर स्त्रियांपैकी काहींना १६ तासांत १५ मिलिग्रॅम निकोटिन सोडणारी पट्टी दिली, इतरांना हुबेहूब तशीच पण बिनऔषधाची. बाळंतपणापर्यंत सिगारेट सोडून राहिल्या अनुक्रमे ९.४ आणि ७.६ टक्के; म्हणजे फरक पडला असं म्हणता येत नाही. मला मात्र त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. खरी पट्टी महिन्याहून अधिक काळ वापरणाऱ्या जेमतेम ७.२ टक्के होत्या. अंगावर टिकलंच नाही त्या औषधाची परीक्षा कसली? त्यातून गरोदरपणात शरीर निकोटिनचा निचरा बराच जलद करतं, म्हणजे एरवी पुरणारी मात्रा तेव्हा तोकडी पडते.

यावर फ्रान्सचं उदाहरण दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. तिथे ४०२ स्त्रियांची लाळ तपासून मात्रा ठरवली, तरी २०१४ मध्ये निकाल आला तो शून्याच्या आसपासचाच. पट्टी हा रामबाण उपाय नाही, हे मी मान्य करते. पण इंग्लंडमधल्या चाचणीतली मुलं दोन वर्षांची झाली तेव्हा पट्टीमुळे त्यांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही, उलट पट्टीच्या गटातली मुलं विकासात थोडी सरसच निघाली. पट्टीच्या भीतीने सिगारेटकडे परत जाणं मला म्हणूनच पटत नाही.

खरा अवघड आक्षेप मुंबईचा आहे. तिथल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ सालच्या अभ्यासात मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. धूर नसूनही हे घडलं, तेव्हा ‘धूर गेला की निम्मं काम झालं’ हा माझा हिशेब तव्यावर काळी भाजलेली मशेरी बोटाने दातांवर घासणाऱ्या बाईला लागू होत नाही. तिला पट्टी द्या, असं मी त्याच आधारावर म्हणू शकत नाही. त्यातही, ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारलं तर ती ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंच असेल.