पोहण्याचा लंगोट

त्र्यंबकेश्वर

चि. सोनूस,

तुझा मेसेज दोन ओळींचा, पण उत्तर पत्रानंच देते. फोनवर तू नुसती "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि मागे बाळी रडायला लागली की माझं बोलणं अर्धं राहतं. शिवाय आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या बाईला कुणी आपणहून प्रश्न विचारला की तिची टकळी सुरू होते, ते तू सोसशीलच.

सोसायटीच्या तलावात बाळीला उतरवायचं, त्यासाठी धुऊन पुन्हा वापरायची स्विम नॅपी घ्यायची, तर कोणती? आधी हे ऐक, की ती शू थांबवत नाही. तिचं काम एकच, घट्ट शी अडवून धरायचं. शोषणारं तिच्यात काही नसतंच, आणि नसावंच. नेहमीच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण असतात, ते ओल धरून फुगतात. तो डायपर घालून मूल पाण्यात सोडलंस तर तो बिचारा अख्खा तलाव प्यायला बघतो. जड होऊन मांडीवरून ओघळतो, फाटला तर आतला बुळबुळीत गर पाण्यावर येतो. म्हणून स्विम नॅपी निराळी. आणि म्हणूनच ती घरून घालून निघू नकोस. गाडीतली सीट भिजेल आणि तू नॅपीला नावं ठेवशील. तलावाशी गेल्यावर, उतरायच्या आधी घाल.

आता खरेदी. चित्रं बघू नकोस, मासे आणि बदकं सगळ्यांवर असतात. मांडीचं इलॅस्टिक बघ. शी निसटते ती तिथून. कंबर आणि दोन्ही मांड्या, तिन्ही ठिकाणी कापड अंगाला लागून बसलं पाहिजे, पण काढल्यावर लाल वळ उमटता कामा नये. बाळीला पाण्यात बसवून, पाय वर-खाली करून बघ. फट दिसली की ती नॅपी बाद. वाढत्या अंगाचं घ्यायची आपल्या घरातली सवय झबल्याला ठीक, इथे मात्र ती नडते. ढिली नॅपी म्हणजे काहीच न घातल्यासारखं. वजनाच्या तक्त्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नकोस, एकाच वजनाच्या दोन बाळांच्या मांड्या सारख्या नसतात.

चड्डीसारखी वर ओढायची की बाजूला बटणं असलेली? बटणांची. चड्डी घालायला सोपी वाटते, पण भरलेली चड्डी पायांवरून खाली ओढताना काय होतं ते मी सांगायला नको.

पण मला विचारशील तर लगेच विकत घेऊच नकोस. तुझ्याकडे कापडी डायपर आहेत ना? त्यातला शोषणारा पॅड काढून टाक. उरतं ते पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं बाहेरचं कव्हर, आत मऊ अस्तर. स्विम नॅपीत याहून वेगळं फारसं काही नसतं. मांडीला घट्ट बसत असेल तर तेच चालेल. क्लोरीननं इलॅस्टिक आणि आतला थर लवकर जातो, म्हणून जुनं कव्हर यासाठी वेगळं काढून ठेव. तलावातून आल्याबरोबर साध्या पाण्यानं खळबळून काढ. शी झाली असेल तर ती आधी संडासात, मग धुणं. कापड मऊ करायचं औषध घालू नकोस, कडक इस्त्री नको, ड्रायरची गरम हवा नको. पुण्यात ते दोरीवर सहज वाळेल. आमच्या त्र्यंबकच्या पावसात लंगोट वाळवणं म्हणजे शेगडीवर टोपली पालथी घालून राखण करत बसणं, आणि तेवढं करूनही त्याला धुराचा वास. तुझ्या बाबांचे लंगोट आमच्या आईनं असेच वाळवले. त्या मानानं तुमचं हे कापड गुणी.

एकदाच वापरायच्या स्विम नॅप्याही मिळतात. प्रवासाला एखादी ठेव. रोज नको. वापरलेला डायपर नीट गुंडाळून वेगळा द्यायचा हा घनकचरा नियमांतला दंडक आहे. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका त्या पुडक्यावर लाल ठिपका काढायला सांगतात, तो न काढणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. उघड्या हातांनी कचरा निवडणाऱ्या बाईला पुडक्यात काय आहे ते हाताळण्याआधी कळायला हवं.

आता मुद्द्याचं. ही नॅपी तू बाळीसाठी घेत नाहीयेस, तिच्यासोबत पाण्यात असणाऱ्या बाकीच्यांसाठी घेतेयस. आणि तिचं हे कामही अर्धंच. घट्ट शी ती धरते, पातळ शी धरत नाही, जंतू फार तर काही मिनिटं थोपवते. लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन असेल तर ई. कोलाय मिनिटाच्या आत मरतो, जिआर्डियाला पाऊण तास लागतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा जंतू तेवढ्या क्लोरीनमध्ये दहा दिवस तग धरतो. एका मुलाला पाण्यात जुलाब झाले तर सगळ्यांना तलावाबाहेर काढून, पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन जवळजवळ तेरा तास ठेवावं लागतं. तेव्हा बाळीचं पोट बिघडलं असेल तर कोणतीही नॅपी घालून तिला पाण्यात नेऊ नकोस. एरवीही तासातासानं नॅपी तपास, आणि बदलायची ती तलावाच्या काठावर नव्हे, बाथरूममध्ये.

उतरण्याआधी तिला साध्या पाण्यानं धू, तूही अंगावर पाणी घे. अंगावरचा घाम नि शू क्लोरीनशी मिळून जे तयार होतं त्यानं डोळे चुरचुरतात. तुझ्या सासूबाईंना हे पटायला अवघड नाही. तीर्थात उतरण्याआधी मलापकर्षण स्नान करायचं असतं, त्या सांगतीलच.

सासूबाईंवरून त्यांची दुसरी इच्छा आठवली. बाळीला इथल्या कुशावर्त तीर्थात बुडी द्यायची आहे म्हणे, आणि नॅपी घातली की चालेल ना, असं तू विचारतेस. नाही चालणार. पारनेरकर नावाच्या सरदारांनी १७५० च्या सुमारास बांधून काढलेलं हे कुंड चौकोनी आणि बंदिस्त आहे, वाहती नदी नव्हे. नारायण नागबली असो, त्रिपिंडी श्राद्ध असो, विधीआधी यजमान इथे बुडी मारून येतो, आणि पहाटेपासून माणसं उतरत असतात. तिथल्या पाण्याला नॅपीनं बाळीपासून वाचवता येईल थोडंफार, पण बाळीला त्या पाण्यापासून नॅपी वाचवत नाही. आठ महिन्यांचं मूल पाणी गिळतंच. तिच्या डोक्यावर चार थेंब शिंपडा, तोंडात एकही नको. आंघोळीच्या बादलीत गंगा-गोदावरीला बोलवायची सोय आपल्याच पूर्वजांनी करून ठेवली आहे, तिचा उपयोग करा. सासूबाई ऐकल्या नाहीत तर माझ्याशी बोलू दे, मी वाईट व्हायला तयार आहे.

या मात्र नक्की. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. एकदा ती गर्दी सुरू झाली की बाळाला घेऊन कुशावर्ताच्या पायऱ्यांजवळही फिरकू नका. त्याच्या आधीचा, सणवार नसलेला एखादा मधला वार बघून कळवा.

तुझी
आत्या