उतरायला कशाला लागते सायकल?

आमच्या बाबांना मी फोनवर सांगितलं, की नातवासाठी सायकलची फ्रेम बघतोय, डोंगरावरून खाली उतरायची. मिरजेहून जरा वेळ काही आवाजच आला नाही. मला वाटलं, लाईन गेली. मग म्हणाले, "उतरायला कशाला लागते वेगळी सायकल? उतार लागला की पायडल मारणं थांबवायचं. झालं."

बाबांचं काही चूक नाही. आपल्याकडे सायकलवाल्याचा मान चढात असतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. सगळ्यांच्या आधी घाट उतरणाऱ्याला काय म्हणतात? बहुधा "मरायचंय का रे?" असं म्हणतात.

आता आम्ही राहतो ते एडिसन तसं सपाटच. ओक ट्री रोडवर वडापावापासून मंगळसूत्रापर्यंत सगळं मिळतं, पण चढ म्हणाल तर मेट्रोपार्क स्टेशनचा जिना. उतारासाठी आम्हाला २८७ नंबरचा रस्ता धरून उत्तरेला सव्वा-दीड तास जावं लागतं, व्हर्ननला. तिथे माउंटन क्रीक नावाचा डोंगर आहे. हिवाळ्यात त्यावर लोक बर्फावरून घसरतात, आणि बर्फ वितळला की सायकलवरून. रायगडसारखा रोपवे आहे. त्यात सायकलसकट वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. दिवसभर हाच उद्योग, आणि त्याचं तिकीट!

हे वेड निघालं कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत काही तरुण पोरं १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यावरून खाली सुटायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांत तेराशे फूट उतार. ब्रेक कसला, तर उलटं पायडल मारलं की मागच्या हबमध्ये लागणारा. खाली येईपर्यंत हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं रीपॅक. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही सगळी त्या धुरातली माणसं. आजची माउंटन बाइक त्यांच्यापासून सुरू होते. (हा धूर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

तर चिरंजीव सतरा वर्षांचे. बारा वर्षांचा असल्यापासून हा माझ्याबरोबर येतो. खरं तर आता मी त्याच्याबरोबर जातो. उन्हाळ्यात काम करून त्याने पैसे साठवले, निम्मे त्याचे, निम्मे माझे, आणि जुन्या सायकलचे भाग काढून नव्या फ्रेमवर चढवायचे, असा करार झाला. भांडण झालं ते फ्रेमवरून. तो म्हणतो, "बाबा, मला ट्रॅव्हल कमी पाहिजे."

ट्रॅव्हल म्हणजे चाकाला वर-खाली व्हायची जी मुभा असते ती. जागतिक स्पर्धांतल्या खऱ्या डाउनहिल सायकलला दोन्ही चाकांना २०० मिलिमीटरच्या आसपास असते. चाकाखाली आठ इंचांची गादीच म्हणा ना. चिरंजीवांना हवी होती १२०-१३० ची. म्हणजे उतरायला डाउनहिलसारखी, पण गादी जेमतेम निम्मी-पाऊण.

माझं उत्तर तयार होतं. नाही. त्याला कारणही तसंच होतं. गेल्या ऑगस्टमध्ये एका उतारावर मी पडलो आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. ऑफिसमध्ये एका हाताने टायपिंग. जेवताना बायको पोळीचे तुकडे करून द्यायची, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक वाक्य. त्यामुळे फ्रेमचं नाव काढल्याबरोबर ती म्हणाली, "एकाचं हाड मोडून झालं, आता दुसऱ्याच्या हाडासाठी खरेदी करताय का?" मी तिला शब्द दिला, की घ्यायचीच असेल तर सगळ्यांत सुरक्षित घेईन. आणि माझ्या डोक्यात सुरक्षित म्हणजे जास्तीत जास्त गादी.

चिरंजीव शांतपणे म्हणाला, "पण बाबा, तू पडला तेव्हा तुझ्याकडे दोनशेची होती ना?"

होती. भाड्याने घेतलेली, दोनशेची. आणि त्या दिवशी मला मी फार भारी चालवतोय असं वाटत होतं, हेही खरं. दगडांवरून जात होतो आणि दगड जाणवत नव्हते. रोजच्या सायकलवर ज्या वेगाला माझे हात आपोआप ब्रेककडे जातात, त्याच्या कितीतरी पुढे मी होतो, आणि मला पत्ता नव्हता. मग एक डावं वळण आलं, आणि त्या वेगाला वळण घेणं मला येतच नव्हतं. वळणापुढे गादीचा काय उपयोग?

"ती सायकल तुला खोटं बोलली," चिरंजीव म्हणाला. त्याचं मराठी हे असं आहे. पण याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं.

मी इंजिनियर असल्यामुळे एवढ्यावर हार मानली नाही. कागद घेतला. तीन फुटांवरून सपाट जमिनीवर आदळलं तर धक्का किती बसणार, हे थांबायला किती अंतर मिळतं त्यावर ठरतं. सायकल दोनशे मिलिमीटर देते, मान्य. पण स्वार पायडलवर उभा असतो. त्याचे गुडघे नि कोपरं वाकतात, ते धरा अर्धा मीटर. म्हणजे ५००. त्यात सायकलचे २०० मिळवले तर ७००, आणि १२५ मिळवले तर ६२५. ज्या ७५ मिलिमीटरसाठी मी घरात रान उठवलं होतं, ते एकूण अंतराच्या अकरा टक्के निघाले. सगळ्यांत मोठी स्प्रिंग पोराच्या पायांतच होती. (माझे गुडघे अर्धा मीटर वाकतात का, हा प्रश्न त्याने विचारला. मी कागद घडी करून ठेवला.)

हा हिशेब ढोबळ आहे, हे कबूल. लागोपाठ येणाऱ्या बारीक धक्क्यांना हात-पाय पुरे पडत नाहीत, तिथे दोनशेची सायकलच बरी. दिवसाच्या शेवटी तळहात बधिर होतात ते कमी ट्रॅव्हलवरच. पण उलट बाजूही आहे. दोनशेच्या सायकलवर नुसतं बसल्यावरच तिचे साठेक मिलिमीटर दबतात. उडी घ्यायला सायकल खाली दाबावी, तर दाब शॉकच गिळतो. आणि डोंगर तरी केवढा? न्यू जर्सीतलं सगळ्यांत उंच शिखर १,८०३ फूट. आपलं कळसूबाई त्याच्या तिप्पट. माउंटन क्रीकचा उतार हजार फुटांचा, म्हणजे सिंहगडावरून आतकरवाडीकडे साधारण निम्मं उतरलात की संपला. स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमला, जिथे जागतिक स्पर्धा झाल्या आहेत, साडेपाचशे मीटर उतार आहे. तिथली सायकल इथे आणणं म्हणजे ओक ट्री रोडवर भाजी आणायला ट्रक काढणं.

मग डाउनहिल सायकल डाउनहिलची होते कशाने? कोनाने. पुढची नळी, जिच्यात हँडल फिरतं, ती जमिनीशी किती अंशांचा कोन करते, ही खरी गोष्ट. कोन कमी, म्हणजे नळी जास्त कललेली, की पुढचं चाक स्वाराच्या बरंच पुढे जातं. उतार तीव्र झाला तरी माणूस हँडलवरून कोलमडत नाही, आणि चाक दगडावर आपटलं तरी हँडल हिसका मारत नाही. जुन्या माउंटन सायकलींचा हा कोन ७०-७१ अंश असायचा. स्पर्धेतल्या डाउनहिलचा ६३ च्या आसपास असतो.

हे वाचताना मला आमच्या मिरजेचा दूधवाला आठवला. काळी, उंच सायकल, मागे दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, समोर खड्ड्यांचा रस्ता, आणि गडी एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने विडी ओढतोय. ट्रॅव्हल शून्य. पण त्या काळ्या रोडस्टरची पुढची नळी रेसिंग सायकलपेक्षा चांगलीच कललेली असते आणि दोन चाकांतलं अंतर लांब. खराब रस्त्यावर ओझं घेऊन सरळ जावी म्हणूनच ती तशी केलेली. विडी ओढायची सवड त्याला त्या कोनाने दिली होती.

अशा, म्हणजे कोन डाउनहिलकडे झुकलेला पण ट्रॅव्हल आखूड, फ्रेमी गेली दहा-बारा वर्षं निघतायत. कोनाची २०१४ ची 'प्रोसेस १११' ही सुरुवातीच्यांपैकी, नावातच मागचे मिलिमीटर. नॉर्कोची २०२० ची 'ऑप्टिक' मागे १२५, पुढे १४० आणि कोन ६५ अंश. ट्रान्झिशनची २०२० ची 'स्पर' दोन्हीकडे १२० आणि ६६ अंश. कागदावर शेवटच्या दोघी बहिणी वाटतात. मीही त्यातच फसणार होतो.

कारण मिलिमीटर आणि अंश सारखे असले तरी फ्रेम कशासाठी बांधलीय हे त्यात दिसत नाही. 'स्पर' ही दिवसभर चढून-उतरून लांब जाण्यासाठी केलेली, हलकी कार्बनची. आणि आमचा मुलगा दिवसात पंधरा वेळा रोपवेने वर जाऊन उड्या मारत खाली येणार. सायकल कुठल्या वापरासाठी आहे याचे अमेरिकेत प्रमाणित वर्ग आहेत. १ म्हणजे डांबरी रस्ता, ५ म्हणजे डाउनहिल आणि मोठ्या उड्या. फ्रेमवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत हा आकडा असतो. कमी ट्रॅव्हलच्या फ्रेमीत तर तो आधी बघायला हवा, कारण गादी लवकर संपते आणि संपली की उरलेला धक्का वेल्डिंगवर जातो. आम्ही दोघांनी मिळून आठ फ्रेमींचे आकडे लिहिले. तीन तिथेच गळल्या, आणि त्यांत माझी सगळ्यांत आवडती, सगळ्यांत हलकी, एक होती.

शेवटी उरल्या दोन. एक कार्बनची, एक ॲल्युमिनियमची, आदल्या वर्षीचा उरलेला रंग (हिरवट. बायकोच्या शब्दांत, "शेवाळी"). ती शेवाळी मला पसंत होती, पण मन कार्बनवर होतं. तेवढ्यात बाबांचा फोन. सगळं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. ब्रेक कसे आहेत?"

ब्रेक जुन्या सायकलचेच काढून लावणार होतो.

फोन ठेवला आणि पुन्हा कागद घेतला. पोरगा अधिक सायकल, धरा ८५ किलो. उतार ३१७ मीटर. गुणाकार केला तर दोन लाख चौसष्ट हजार ज्यूल. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ८८ पर्यंत तापेल, चहाचं आधण येईल-येईल एवढी उष्णता. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात, बाकीची त्या दोन पातळ चकत्यांत, प्रत्येक फेरीला. मरीन काउंटीच्या पोरांचं ग्रीस का जळत होतं ते मला पन्नास वर्षांनी, मिरजेहून कळलं. कार्बन रद्द. शेवाळी फ्रेम घेतली, आणि वाचलेल्या पैशांत चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिलिमीटरच्या चकत्या. दोनशेचा आकडा शेवटी आलाच, पण ब्रेकवर.

मे महिन्यात पहिल्यांदा गेलो. अठरा पूर्ण नाहीत, म्हणून फॉर्मवर पालकाची सही लागते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एका स्केटबोर्ड पार्कच्या खटल्यात सांगितलं, की मुलाला इजा झाली तर भरपाई मागायचा त्याचा हक्क आई-बापांच्या अशा सहीने जात नाही. म्हणजे त्या बाबतीत माझ्या सहीला फार किंमत नव्हती. तरी हात जरा थांबलाच. फ्रेमच्या पावतीवर केली होती ती सही मला जास्त खरी वाटत होती.

मी त्या दिवशी चालवली नाही. खाली उभा राहिलो. वरून एकेक येत होते. चेहरे हेल्मेटमध्ये, सगळे सारखेच दिसतात. मी शेवाळी रंग शोधत होतो. दिसला तेव्हा तो शेवटच्या वळणाआधी चक्क हळू झाला, मग वळला, मग पुन्हा सुटला. माझ्यासमोर येऊन थांबला आणि म्हणाला, "सगळे दगड कळतात, बाबा." मी चकतीला हात लावायला गेलो, तर ओरडला, "भाजेल!"

मिरजेत तेव्हा रात्रीचे साडेनऊ. बाबा जागेच होते.

"उतरला का?"

"उतरला."

"मग आता?"

"आता पुन्हा वर जाणार. पाळण्यातून."

"पैसे देऊन?"

"हो."

लाईन पुन्हा गेल्यासारखी वाटली.